204व्या क्रमांकाचा विजेता आणि मेरिटवाल्यांची पंचाईत

12 ऑक्टोबर 2025, रविवार. दोन दिवसांवर 14 ऑक्टोबर आलेला, त्यामुळे आम्ही सगळे कार्यक्रमाच्या तयारीत. पत्रकांचे गठ्ठे बांधणे चालू होते आणि अभ्यासिकेतल्या एका मुलाच्या मोबाइलवर शांघायच्या टेनिस स्पर्धेची फायनल चालू होती. मोनॅकोचा वालांतॅं वाशरो विरुद्ध फ्रान्सचा आर्थर रिंदरक्नेश. दोघे नात्याने भाऊ. एकाचे जागतिक मानांकन 204, दुसऱ्याचे 54. अशी फायनल होईल असे आठवड्यापूर्वी कुणी म्हटले असते तर त्याला वेड्यात काढले असते. वाशरो पहिला सेट 4-6 हरला, पुढचे दोन 6-3, 6-3 जिंकला आणि मास्टर्स 1000 दर्जाच्या स्पर्धा सुरू झाल्यापासूनचा, म्हणजे 1990 पासूनचा, सर्वात खालच्या क्रमांकाचा विजेता ठरला.

आम्हालाही आनंद झाला. वरचा कोसळतो आणि खालचा उभा राहतो, हे पाहून आंबेडकरी माणसाला आनंद झाला नाही तर कुणाला व्हायचा?

पण संध्याकाळ होते न होते तोच त्या विजयाचा प्रसाद आमच्या मोबाइलवर येऊन पडला. गावातल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा एक ग्रुप आहे, प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतो तसा. तिथे कुणीतरी वाशरोचा करंडक घेतलेला फोटो टाकला आणि खाली मजकूर: 204व्या क्रमांकाचा माणूस जोकोविचला हरवतो, त्याने कुठे आरक्षण मागितले? मेहनत केली, जिंकला. यावर टाळ्यांचे सतरा इमोजी. आमच्या एका पोराने चिडून उत्तर लिहायला घेतले. आम्ही म्हणालो, थांब. आधी हा माणूस शांघायच्या कोर्टवर पोहोचला कसा ते बघू. मग काय लिहायचे ते लिही.

तर मित्रांनो, तो कसा पोहोचला ते ऐका.

शांघायच्या मुख्य स्पर्धेत 96 खेळाडू असतात. 204व्या क्रमांकाला त्यात थेट जागा नाही. मग पात्रता फेरी. वाशरोचे नाव पात्रता फेरीच्या मूळ यादीतही नव्हते! तो प्रतीक्षा यादीत होता. खेळायला मिळेल की नाही हे ठाऊक नसताना तो शांघायला गेला. वरच्या काही जणांनी माघार घेतली म्हणून यादी खाली सरकली आणि त्याला पात्रता फेरीत जागा मिळाली. तिथे दोन सामने जिंकून तो मुख्य ड्रॉमध्ये आला आणि मग सात सामने जिंकला. एकूण नऊ.

आता प्रश्न असा की, ही पात्रता फेरी कशासाठी असते? क्रमवारी म्हणजेच गुणवत्ता असेल, तर पहिले 96 घ्या आणि दार लावून टाका. मेरिट म्हणजे मेरिट! पण टेनिस चालवणाऱ्यांना एक गोष्ट कळते, जी आमच्याकडच्या मेरिटवाल्यांना शंभर वर्षे सांगूनही कळत नाही. क्रमवारी ही मागच्या बावन्न आठवड्यांची नोंद आहे. माणूस उद्या काय करील याची ती मोजणी नव्हे. कालच्या नोंदीत मागे असलेल्यासाठी दार ठेवले नाही तर वरचे कायम वरच राहतील आणि खेळ मरून जाईल. म्हणून काही जागा क्रमवारीच्या बाहेर काढून ठेवलेल्या असतात. काढून ठेवलेल्या जागा. याला मराठीत काय म्हणतात?

एवढ्यावर थांबत नाही. वाशरोच्या आधी सर्वात खालच्या क्रमांकाचा मास्टर्स विजेता कोण होता? क्रोएशियाचा बोर्ना चोरिच, 2022, सिनसिनाटी, क्रमांक 152. त्याने तिथे नदालला हरवले आणि फायनलमध्ये त्सित्सिपासला. हा चोरिच आत आला तो ‘प्रोटेक्टेड रँकिंग’वर, म्हणजे संरक्षित क्रमवारीवर. खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे तो वर्षभर खेळाबाहेर होता आणि क्रमांक घसरला होता. टेनिसचा नियम सांगतो की, सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ दुखापतीने बाहेर राहिलेल्या खेळाडूला ठरावीक स्पर्धांपुरता त्याच्या जुन्या क्रमांकाच्या आधारे प्रवेश मिळेल. का? कारण तो मागे पडला तो नालायक होता म्हणून नव्हे. त्याला खेळताच येत नव्हते. खेळता आले नाही त्या काळाची शिक्षा त्याला देऊ नये, एवढे साधे न्यायाचे तत्त्व.

सहा महिने खेळता आले नाही तर संरक्षण. आणि ज्यांना दोन हजार वर्षे मैदानाच्या कुंपणाला हात लावू दिला नाही, त्यांनी संरक्षण मागितले की देशाची गुणवत्ता बुडते!

आम्हाला माहीत आहे, लगेच कुणीतरी म्हणेल की खेळाडूची दुखापत आणि समाजाचा इतिहास यांची तुलना होत नाही. बरोबर आहे, होत नाही. दुखापत कुणी मुद्दाम केलेली नसते.

तिसरे उदाहरण जुने आहे, पण ते सोडवत नाही. विम्बल्डन 2001. गोरान इव्हानिसेविच, क्रमांक 125, तीन वेळा फायनल हरलेला, खांदा दुखावलेला. त्याला आयोजकांनी वाइल्ड कार्ड दिले आणि तो विजेता झाला. पाचव्या सेटमध्ये 9-7 ने पॅट्रिक राफ्टरला हरवून. वाइल्ड कार्डवर विम्बल्डनची पुरुष एकेरी जिंकणारा तो पहिलाच. वाइल्ड कार्ड म्हणजे काय, तर आयोजकांच्या मर्जीची जागा. ना क्रमांक, ना पात्रता फेरी. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आणि अमेरिका यांच्या टेनिस संघटना तर आपापल्या ग्रँड स्लॅम स्पर्धांची वाइल्ड कार्डे एकमेकांच्या खेळाडूंना वाटून घेतात. तू माझ्या पोराला घे, मी तुझ्या पोराला घेतो. आपल्याकडे याला मॅनेजमेंट कोटा म्हणतात आणि त्याच्या विरोधात रस्त्यावर झाडू मारत निघालेला मोर्चा आम्ही अजून पाहिलेला नाही.

चौथेही आहे. 2017 साली क्रोएशियातल्या उमाग इथे आंद्रे रुब्लेव्ह जिंकला, तो ‘लकी लूझर’ म्हणून. पात्रता फेरीत हरलेला माणूस! कुणीतरी माघार घेतली म्हणून आत घेतला गेला आणि स्पर्धा जिंकून बाहेर पडला. पुढे तो जगात पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. प्रवेशाच्या परीक्षेत नापास झालेला माणूस पुढे काय करू शकतो, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पाहावे.

या सगळ्या स्पर्धांचे ड्रॉ छापलेले असतात. कुणीही पाहू शकतो. खेळाडूच्या नावाशेजारी तो कोणत्या दाराने आला त्याची खूण असते. क्यू म्हणजे पात्रता फेरीतून, डब्ल्यूसी म्हणजे वाइल्ड कार्ड, पीआर म्हणजे संरक्षित क्रमवारी, एलएल म्हणजे लकी लूझर. उघड छापतात, कुणाला लाज वाटत नाही. समोरचा खेळाडू नेटपाशी येऊन विचारत नाही की तू कोणत्या कोट्यातून आलास. चोरिचच्या करंडकाला कुणी कोट्यातला करंडक म्हटले नाही. आता आमच्या मुलांच्या प्रवेशाच्या यादीतला प्रवर्गाचा रकाना आठवा. तो रकाना वसतिगृहाच्या खोलीपर्यंत, प्रात्यक्षिकाच्या टेबलापर्यंत, वॉर्डातल्या रात्रपाळीपर्यंत मागे येतो. डॉक्टर झाल्यावर पेशंटचे नातेवाईक आडनाव विचारतात. खूण दोन्हीकडे आहे. फरक खुणेत नाही, बघणाऱ्याच्या डोक्यात आहे.

आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण वादात हीच कामाला येते. संरक्षित क्रमवारीने प्रवेश मिळतो, पॉइंट मिळत नाही. नेट चोरिचसाठी खाली घेत नाहीत आणि नदालसाठी वर नेत नाहीत. आरक्षणही प्रवेशाच्या दारापाशीच काम करते. एमबीबीएसच्या शेवटच्या परीक्षेत पास होण्याचे गुण सगळ्यांना सारखेच असतात, पूल बांधायचे गणित सगळ्यांना तेच सोडवावे लागते. ‘आरक्षणवाला डॉक्टर’ नावाचा कुठलाही प्राणी विद्यापीठ तयार करत नाही. तो व्हॉट्सअॅपवर तयार होतो.

आता वरच्यांकडे वळू. कारण सवलत म्हटले की सगळ्यांची मान आपोआप खाली वळते, वर कुणी बघतच नाही.

शांघायमध्ये पहिल्या 32 मानांकित खेळाडूंना पहिल्या फेरीत खेळावेच लागत नाही. थेट दुसरी फेरी. ड्रॉ असा बांधतात की पहिला आणि दुसरा मानांकित फायनलच्या आधी समोरासमोर येऊच शकत नाहीत. ग्रँड स्लॅममध्ये पूर्वी 16 मानांकित असायचे. 2001 पासून ते 32 केले. म्हणजे वरच्या 32 जणांनी तिसऱ्या फेरीपर्यंत एकमेकांचे तोंड पाहायचे नाही, तोपर्यंत खालच्यांशी खेळायचे. हे संरक्षण नाही तर काय आहे? उपांत्य सामन्यात वाशरो जोकोविचसमोर उभा राहिला तेव्हा त्याचे सात सामने खेळून झाले होते आणि जोकोविचचे चार. तरी वाशरो 6-3, 6-4 जिंकला. (जोकोविच 38 वर्षांचा होता आणि त्या सामन्यात त्याचे अंगही दुखावलेले होते, हे न सांगणे अप्रामाणिकपणा होईल. सिनर आधीच्या फेरीत पायात गोळे येऊन बाहेर पडला होता आणि अल्काराझ आलाच नव्हता. मैदान थोडे मोकळे झाले होते. पण मोकळ्या मैदानाचा फायदा घ्यायला आधी मैदानात असावे लागते.)

जन्माने पहिली फेरी माफ झालेले लोक आम्ही रोज पाहतो. घरात तीन पिढ्यांची पुस्तके, काकांची ओळख, पुण्यात राहायला आत्याचा फ्लॅट, इंग्रजी पाळण्यातच कानावर पडलेले. त्यांना दुसऱ्या फेरीत पाहून आपण समजतो की ते पहिली जिंकून आले.

आता वाशरोबद्दलही खरे बोलले पाहिजे. त्याला ‘अंडरडॉग’ म्हणून जगभर डोक्यावर घेतले. घ्या, तो जिंकलाय. पण तो मोनॅकोचा आहे. त्याचा प्रशिक्षक त्याचाच सावत्र भाऊ, स्वतः व्यावसायिक टेनिस खेळलेला. सरावाला माँटे कार्लोचा क्लब. घरच्या माँटे कार्लो स्पर्धेत त्याला वाइल्ड कार्ड मिळालेले. शिक्षण अमेरिकेतल्या टेक्सस ए अँड एम विद्यापीठात, तिथल्या टेनिस संघातून. फायनलमधला त्याचा भाऊही त्याच विद्यापीठाचा, आणि त्या भावाची आईही एकेकाळची टेनिसपटू. यात त्यांचा काही गुन्हा नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, जगातल्या सर्वात श्रीमंत वस्तीतला मुलगा टेनिसमध्ये अंडरडॉग ठरत असेल, तर त्या यादीच्या खाली जे आहेत त्यांना काय म्हणायचे?

त्यांची गोष्ट पैशांची आहे. शांघायच्या विजयाने वाशरोला सुमारे 11 लाख 24 हजार डॉलर मिळाले. त्याआधीच्या सगळ्या कारकिर्दीतली त्याची बक्षिसाची कमाई सहा लाख डॉलरच्या आत होती, आणि त्यातून विमान, हॉटेल, प्रशिक्षक, रॅकेटची तार, फिजिओ सगळे वजा करायचे. हा जगातला 204वा खेळाडू! जगातल्या 204व्या वकिलाची किंवा 204व्या सर्जनची अवस्था अशी असेल का? म्हणूनच पुरुष टेनिसची संघटना एटीपी हिने 2024 पासून किमान उत्पन्नाची हमी आणली. 2024 साली ती पहिल्या शंभरांना तीन लाख डॉलर, 101 ते 175 ला दीड लाख, 176 ते 250 ला 75 हजार अशी होती. कमाई त्याहून कमी पडली तर फरक संघटना भरून देणार. भांडवलशाहीचा सगळ्यात चकचकीत खेळ, आणि त्यालाही कळले की खालच्याच्या पोटाची सोय केल्याशिवाय वरची स्पर्धा उभी राहत नाही. आमच्याकडे शिष्यवृत्तीची रक्कम मुलगा परीक्षा देऊन घरी गेल्यावर जमा होते.

आपल्या देशातले उदाहरण सुमित नागलचे. सप्टेंबर 2023 मध्ये भारताच्या या एक नंबरच्या टेनिसपटूने जाहीरपणे सांगितले की त्याच्या बँक खात्यात 900 युरो उरले आहेत. पुढच्या वर्षीच्या ऑस्ट्रेलियन ओपनसाठी आशिया-पॅसिफिकच्या वाइल्ड कार्ड स्पर्धेला भारतीय संघटनेने त्याचे नाव पाठवले नव्हते. मग तो पात्रता फेरीचे तीन सामने खेळून आत गेला आणि जानेवारी 2024 मध्ये 31व्या मानांकित बुब्लिकला सरळ सेटमध्ये हरवले. रमेश कृष्णनने 1989 साली विलँडरला हरवल्यानंतर 35 वर्षांनी ग्रँड स्लॅमच्या एकेरीत भारतीय पुरुषाने मानांकिताला हरवले. तेव्हा अभिनंदनाचे पोस्टर लावणाऱ्यांमध्ये कोण कोण होते ते आठवून पाहा. 900 युरोच्या वेळी त्यातले किती जण होते?

आणि बालेवाडी. 2018 ते 2023 या काळात पुण्याच्या बालेवाडीत एटीपीची स्पर्धा व्हायची, तिच्या नावातच महाराष्ट्र होता. शांघायमध्ये वाशरोने ज्याला हरवले तो टॅलन ग्रीकस्पूर 2023 साली इथेच जिंकून गेला. पुण्याच्या वस्त्यांमधली किती पोरे त्या कोर्टवर रॅकेट धरून उभी राहिली? गवत कापायला आणि खुर्च्या मांडायला गेली असतील, ते आम्ही धरत नाही. (पळवणकर बाळूंची गोष्ट इथे आठवेलच. ती आपल्याला पाठ आहे, म्हणून पुन्हा सांगत नाही.)

अंडरडॉग हा शब्द कुत्र्यांच्या झुंजीतून आला. झुंजीत खाली पडलेला कुत्रा तो अंडरडॉग. लक्षात घ्या, खाली पडलेला असला तरी तो झुंजीत असतो. त्याच्यावर पैसे लागतात, त्याच्यासाठी कुणीतरी ओरडते. बाबासाहेबांनी आपल्याला जो शब्द दिला तो हा नव्हे. त्यांनी शब्द दिला ‘बहिष्कृत’. जो रिंगणातच नाही. त्याचा पराभव होत नाही, कारण त्याचा सामनाच होत नाही. आणि त्याचा विजयही कधी धक्कादायक ठरत नाही, कारण ड्रॉमध्ये त्याचे नावच नसते.

टेनिसमध्ये बहिष्कृत कोण होते हे पाहायचे असेल तर आर्थर अॅशकडे जावे लागते.

अॅश 1943 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, रिचमंडला जन्मला. वडील काळ्यांसाठी राखलेल्या मैदानाचे रखवालदार, घर त्या मैदानातच. गोऱ्यांच्या बागेतल्या कोर्टवर त्याला खेळू देत नसत. अमेरिकेच्या मुख्य टेनिस संघटनेच्या स्पर्धांत काळ्यांना प्रवेश नव्हता, म्हणून काळ्यांनी 1916 सालीच स्वतःची संघटना काढली होती. लिंचबर्गला रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन नावाचे एक काळे डॉक्टर होते. त्यांनी आपल्या घराशेजारीच कोर्ट बांधले आणि दर उन्हाळ्यात काळ्या मुलामुलींना घरी ठेवून, जेवू घालून खेळ शिकवला. अल्थिया गिब्सन त्यांच्याकडचीच, अॅशही त्यांच्याकडचाच. डॉक्टर मुलांना सांगत, चेंडू रेषेच्या जरासा बाहेर पडला तरी आत धरून खेळा आणि पंचाशी वाद घालू नका. कारण काळ्या मुलाने एक वाद घातला की सगळ्यांसाठी दार बंद करायला त्यांना निमित्त मिळेल. प्रतिस्पर्ध्याचे कोर्ट इंचभर मोठे धरून खेळायचे आणि तरीही जिंकायचे! आमच्यातल्या कुठल्या मुलाला हे समजावून सांगावे लागेल?

1968 मध्ये अॅश यूएस ओपन जिंकला. तो हौशी खेळाडू म्हणून नोंदलेला होता, त्यामुळे 14 हजार डॉलरचे बक्षीस हरलेल्या टॉम ओकरला मिळाले आणि विजेत्याला दिवसाला 20 डॉलर भत्ता. मग 1975 चे विम्बल्डन. समोर जिमी कॉनर्स, 22 वर्षांचा, गतविजेता, अव्वल मानांकित, फायनलपर्यंत एकही सेट न हरलेला. अॅश बत्तिशीला टेकलेला आणि आधीचे तिन्ही सामने कॉनर्सशी हरलेला. कुणीही त्याच्यावर पैसे लावायला तयार नव्हते. अॅशने मित्रांबरोबर बसून आखणी केली. कॉनर्सला वेग आवडतो ना, मग वेग द्यायचाच नाही. आयुष्यभर जोरात मारणारा माणूस त्या दिवशी हळू, बुटके, कापलेले चेंडू टाकत राहिला. 6-1, 6-1, 5-7, 6-4. सामन्याची जुनी फिल्म पाहा. बाजू बदलताना अॅश खुर्चीत डोळे मिटून बसलेला दिसतो.

ही फायनल अजूनही ‘चमत्कार’ म्हणून दाखवतात. लिंचबर्गचे कोर्ट कुणी दाखवत नाही. डॉक्टरांच्या घरातले ताट कुणी दाखवत नाही. बाबासाहेबांनी 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह सुरू केले. चमत्काराची वाट पाहायची असती तर वसतिगृह कशाला काढले असते?

आणि हे आम्ही आपल्याच लोकांनाही सांगतोय. एखादा मुलगा कलेक्टर झाला की गावोगाव सत्कार, बॅनर, जिल्ह्यात पहिला, समाजात पहिला. करा, जरूर करा. पण त्याच गावातल्या अभ्यासिकेचे वीजबिल थकले आहे आणि वर्गणीला कुणी येत नाही, हे आम्ही तीन गावांत या वर्षी पाहिले. पहिला मोजायची सवय लागली की दुसरा कुठून येणार हा प्रश्न डोक्यातून निघून जातो.

अॅशने काय केले ते बघा. 1971 साली तो आफ्रिकेच्या दौऱ्यावर असताना कॅमेरूनच्या याउंदे शहरात एका कोर्टवर अकराएक वर्षांचा एक पोरगा त्याला दिसला. अॅश त्याचे कौतुक करून निघून गेला नाही. त्याने फ्रान्सच्या टेनिस संघटनेतल्या फिलिप शात्रिएला कळवले की या मुलाला घेऊन जा, शिकवा. मुलगा फ्रान्सला गेला. त्याचे नाव यानिक नोहा. 1983 च्या फ्रेंच ओपनच्या फायनलमध्ये त्याने गतविजेत्या मॅट्स विलँडरला 6-2, 7-5, 7-6 असे हरवले. त्यानंतर आजतागायत फ्रान्सच्या एकाही पुरुषाला ती स्पर्धा जिंकता आलेली नाही.

आमच्या त्या पोराने ग्रुपवर शेवटी लांबलचक काही लिहिले नाही. सिनसिनाटी 2022 च्या ड्रॉचा फोटो टाकला, चोरिचच्या नावापुढच्या ‘पीआर’भोवती लाल गोल काढला आणि विचारले, याचा अर्थ कुणी सांगेल का? हा लेख लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही.

जय भीम!